बागेतून शॉर्टकट मारणाऱ्या गाड्या आणि सायकलवाले: वाचकांचे प्रश्न

मोठ्या सार्वजनिक बागेतून गाडीरस्ता जात असला की भांडण ठरलेलंच. गाडीवाल्याला वाटतं सायकलवाला मुद्दाम मधून चालवतो, सायकलवाल्याला वाटतं गाडीवाला अंगावर घालतोय, आणि चालणाऱ्याला दोघंही नकोसे झालेले असतात. या विषयावर इतकी पत्रं आलीत की सगळी छापणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि पत्रांमधली शिवीगाळ गाळलीय.

प्रश्न: आमच्या पार्कातून एक रस्ता आरपार जातो. ऑफिसच्या वेळेला सिग्नल चुकवायला लोक गाड्या आतून घालतात, हॉर्न काय, ओव्हरटेक काय, आणि त्याच रस्त्यावर पोरं सायकल शिकत असतात. पार्कात गाड्या पूर्ण बंद करा म्हणून आम्ही सह्या गोळा करतोय. बरोबर करतोय ना?

उत्तर: सह्या करा, पण त्याआधी एक सकाळ मोजणीला द्या. दोन गेटवर दोन-दोन माणसं उभी करा, येणाऱ्या जाणाऱ्या गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे आणि वेळ एवढंच लिहून घ्या, मग घरी बसून दोन्ही याद्या जुळवा. समजा एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंत सावकाश चालवून चार मिनिटं लागतात, आणि एखादी गाडी इकडून आत येऊन पाचव्या मिनिटाला तिकडून बाहेर पडली, तर ती बागेत आलेलीच नाही, ती फक्त बागेतून गेलीय. या दोन प्रकारच्या गाड्या वेगळ्या काढल्या की निम्मं भांडण तिथेच मिटतं, कारण आरपार जाणाऱ्या गाडीचं बागेत काहीच काम नसतं आणि नेमकी तीच सगळ्यात जास्त घाईत असते. ज्याला आत झाडाखाली बसायचंय तो माणूस पन्नासच्या स्पीडने कशाला येईल?

याच यादीतून स्पीडपण निघतो हा बोनस. अंतर भागिले वेळ. शिवाय मधल्या सरळ पट्ट्यात रस्त्याकडेला पन्नास मीटरवर दोन खुणा करा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावा: गाडीला ९ सेकंद लागले तर ताशी २० किलोमीटर, ६ सेकंद लागले तर ३०, साडेचारच सेकंद लागले तर ४०. हा कागद घेऊन गेलात की समोरचा साहेब “तसं काही नाहीये हो” असं म्हणू शकत नाही.

आता पूर्ण बंद का अर्धं बंद. माझं मत विचाराल तर मागणी आधी आरपार जाणं बंद करायची ठेवा, सगळ्या गाड्या बंद करायची नंतर. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचं उदाहरण लोक नेहमी देतात, बघा त्यांनी गाड्या बंद केल्या म्हणून, पण त्यातली खरी गंमत कुणी सांगत नाही. ओल्मस्टेड आणि वॉक्स या दोघांनी १८५८ मध्ये त्या पार्कचा आराखडा दिला तेव्हाच शहर ओलांडणारी रहदारी त्यांनी चार रस्त्यांवर वेगळी काढली होती, तेही जमिनीच्या पातळीच्या खाली खोदलेल्या, म्हणजे घोडागाड्या खालून जातील आणि फिरणारे वरून. ते चारही रस्ते अजून चालू आहेत आणि त्यावरून मोटारी धावतात. बंद झाला तो पार्काच्या आतला गोल रस्ता, आणि तोसुद्धा एका रात्रीत नाही. १९६६ मध्ये सुट्टीच्या दिवशी बंद ठेवायला सुरुवात केली, मग हळूहळू वेळ वाढवत नेली, आणि पूर्ण बंद व्हायला जून २०१८ उजाडला. म्हणजे जवळजवळ बावन्न वर्षं. तुम्हाला तेवढी वाट बघावी लागू नये, पण पहिली मागणी रविवार सकाळची ठेवली तर पास होण्याचे चान्सेस खूप जास्त आहेत, आणि एकदा लोकांनी मोकळा रस्ता बघितला की पुढच्या सह्या आपोआप येतात.

प्रश्न: आईचे दोन्ही गुडघे गेलेत, ती पार्कात जाते ती फक्त मी गाडीने आत सोडतो म्हणून. सायकलवाल्यांच्या हौसेसाठी गाड्या बंद करणार असाल तर आमच्यासारख्यांनी काय करायचं? तरुण, धडधाकट लोकांचीच बाग आहे का?

उत्तर: तुमचा राग समजतो, आणि गाड्या बंद करा म्हणणाऱ्या बऱ्याच मंडळींनी याचा विचार केलेला नसतो हेही खरंच आहे. पण आरपार रस्ता बंद करणं आणि आईंना आत सोडता न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्ता मध्येच तोडायचा. म्हणजे एका गेटने आत या, पार्किंगपर्यंत या, आईंना बाकाजवळ उतरवा आणि त्याच गेटने परत जा, मधला तुकडा फक्त पायी आणि सायकलने. लंडनच्या रिचमंड पार्कात २०२० मध्ये असंच केलं. काही तुकड्यांवरून आरपार जाणं थांबवलं पण आतल्या पार्किंगपर्यंत गाडी नेता येते. तिथे शेकडो हरणं मोकळी फिरतात आणि स्पीड लिमिट ताशी २० मैल, म्हणजे साधारण ३२ किलोमीटर.

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कात तर तुमच्यासारखाच वाद पार मतदानापर्यंत गेला. एप्रिल २०२० मध्ये मुख्य रस्त्याचा पूर्वेकडचा तुकडा गाड्यांना बंद केला, आणि तिथल्या म्युझियमला जायचं कसं म्हणून अपंग आणि वयस्कर लोकांनी आवाज उठवला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मतपत्रिकेवर समोरासमोर दोन प्रस्ताव होते, एक गाड्या परत आणा आणि एक रस्ता मोकळा ठेवा, आणि लोकांनी मोकळ्या रस्त्याच्या बाजूने कौल दिला. पण तो कौल मिळाला त्याच्या मागे आतली मोफत शटल होती, अपंगांसाठी राखीव पार्किंग होतं, या गोष्टी आधी केल्या म्हणून. तुम्ही विरोध करण्यापेक्षा अटी घाला असं मी सांगेन: गेटच्या आत उतरायची जागा, तिथून पहिल्या बाकापर्यंत सपाट वाट, राखीव पार्किंग आणि मोठी बाग असेल तर बॅटरीवर चालणारी गाडी. या अटी लेखी मान्य झाल्याशिवाय सही करू नका. आणि एक, आरपार गाड्या थांबल्या की आईंना तोच रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागणार नाही, तो फायदाही धरा.

प्रश्न: मी रोज पार्कातून सायकल चालवतो. कडेने चालवलं तर गाड्या अगदी हाताला घासून जातात, मधून चालवलं तर मागून हॉर्न आणि शिव्या. नक्की चालवायचं कुठून?

उत्तर: रस्ता किती रुंद आहे त्यावर. गाडी तुमच्यापासून दीड मीटर अंतर ठेवून जाऊ शकेल इतका रुंद असेल तर कडेने चाला, पण अगदी कडेला चिकटून नाही, कडेपासून अर्धा-पाऊण मीटर आत. कारण कडेला काय काय असतं ते तुम्हाला माहितीये, वाळू, ओला पालापाचोळा, आणि ड्रेनेजच्या जाळ्या. त्या जाळीच्या पट्ट्या जर रस्त्याच्या दिशेनेच लावलेल्या असतील तर बारीक टायर सरळ आत जातं आणि माणूस हँडलवरून पुढे. (अशी जाळी दिसली तर फोटो काढून तक्रार करा, आडवी बसवायला फार काही लागत नाही.) आणि अशा खड्ड्याला चुकवायला तुम्ही ऐनवेळी मधे घेता, मागच्याला ते अचानक वाटतं, मग धडक.

रस्ता अरुंद असेल, म्हणजे समोरून गाडी येतेय आणि मागच्याला तुम्हाला नीट अंतर ठेवून ओलांडता येणारच नाही, तर तेवढ्या पट्ट्यात सरळ लेनच्या मधे या. मागचा चिडेल, चिडू दे, दहा सेकंदांचा प्रश्न आहे. कडेला राहिलात तर त्याला वाटतं की निघेल, आणि तो काढायला बघतो, तिथेच खरी रिस्क असते. वळणाआधी, चढावर आणि पुलावर हे कराच. जागा झाली की कडेला या, हात दाखवा, बहुतेक लोक मग नीट वागतात. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये (तिथलं रहदारीच्या नियमांचं पुस्तक) २०२२ च्या बदलांत हे जवळपास याच शब्दांत लिहिलंय, आणि ताशी ३० मैलपर्यंतच्या स्पीडला सायकल ओलांडताना किमान दीड मीटर सोडा असंही.

पार्क केलेल्या गाड्यांच्या बाजूने जाताना मात्र एक दार उघडलं तरी लागणार नाही इतकं लांब रहा, म्हणजे साधारण एक मीटर किंवा जास्तच. गाडीत बसणाऱ्यांनाही सांगतो, दार उघडताना दाराच्या बाजूचा हात वापरू नका, लांबचा हात वापरा, खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारी सायकल दिसते. नेदरलँडमध्ये गाडी शिकतानाच ही सवय लावतात. फुकटचा उपाय आहे, घरातल्या पोरांना आजच शिकवा.

प्रश्न: पार्क समितीत आहे. गाड्यांचा स्पीड कमी व्हावा म्हणून आम्ही स्पीडब्रेकर टाकले तर आता सायकलवालेच ओरडतायत की कंबर मोडते, दोघेजण पडलेपण. काढायचे का?

उत्तर: काढू नका, बदला. तुमचे ब्रेकर बहुतेक अरुंद आणि टोकदार असणार. अशा ब्रेकरवरून गाडी आदळत आपटत जाते आणि पुढे जाऊन रेस देते, सायकल मात्र मोडते. रुंद, दोन्ही बाजूंना लाटेसारखा हळूच चढणारा आणि हळूच उतरणारा ब्रेकर करा, सायकल त्यावरून सहज जाते आणि गाडीला स्पीड कमी करावाच लागतो. त्याहून बरं म्हणजे जिथे लोक रस्ता ओलांडतात तिथे सगळा रस्ताच फुटपाथच्या उंचीला आणायचा, वर सपाट, दोन्हीकडे उतार. चालणाऱ्याला खाली उतरावं लागत नाही, व्हीलचेअरलाही बरं, आणि गाडीवाल्याला आपण दुसऱ्याच्या जागेतून जातोय हे टायरला कळतं.

ब्रेकरच्या कडेला सायकलसाठी फट सोडायची आयडिया कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात गाडीवाला एक चाक त्या फटीत घालून निघतो, किंवा कुणीतरी नेमकी तिथेच गाडी लावतो, आणि फटीत सगळा पालापाचोळा जमतो तो वेगळा. फट ठेवायचीच असेल तर तिच्या आणि ब्रेकरच्या मधे एक खांब उभा करा.

आणि ब्रेकरवरच सगळा भार टाकू नका. रुंद, सरळ, गुळगुळीत रस्ता असेल तर पाटीवर २० लिहा नाहीतर १० लिहा, माणूस ४० नेच जाणार, त्यात त्याचा स्वभाव नाही, रस्ताच त्याला तसं सांगतोय. लेन अरुंद करा, मधे झाडाचं बेट घाला म्हणजे थोडं वळावं लागेल, मधली पांढरी रेषा पुसून टाका. मधली रेषा असली की गाडीवाला रेषेपर्यंत आपलंच राज्य समजतो, नसली की समोरच्याचा अंदाज घेत हळू जातो. गोल रस्ता असेल तर एकेरी करा, अर्धी रुंदी मोकळी होते, पण एकेरी रस्त्यावर समोरून काही येणार नाही म्हणून स्पीड वाढतो, हे लक्षात घेऊन अरुंद करण्याचं काम त्याच वेळी करायचं, नंतर करू म्हणालात की राहिलंच.

हे सगळं कशासाठी तर, वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद दुप्पट नाही चौपट होते. आणि थांबायला लागणारं अंतर बघा, ब्रिटनच्याच त्या हायवे कोडचा हिशोब आहे: ताशी ३२ किलोमीटरला गाडी पूर्ण थांबायला १२ मीटर, आणि ४८ ला २३ मीटर. चेंडूमागे धावत आलेलं पोर पंधरा मीटरवर दिसलं तर पहिली गाडी त्याच्या अलीकडे थांबते, दुसरीचा ब्रेक तेव्हा कुठे लागायला लागलेला असतो.

अजून एक विचारलं होतंत, रस्ता बंद करायला खांब किती अंतरावर. मधे दीड मीटर मोकळं ठेवा. सायकल, व्हीलचेअर, बाबागाडी जाते, कार जात नाही. अॅम्ब्युलन्ससाठी मधला खांब कुलूप उघडून काढता येणारा ठेवा आणि किल्ली कुणाकडे आहे ते वॉचमनला पाठ पाहिजे. खांबाला रिफ्लेक्टर लावा, अंधारात सायकलवाला त्यावरच आपटतो. स्कूटर आणि बाइक या फटीतून आरामात जाणार हे आधीच मान्य करा. तिथे माणूसच उभा करावा लागतो, निदान गर्दीच्या दोन-तीन तासांत.

प्रश्न: सगळे गाड्यांना शिव्या देतात. मला तर सायकलवाल्यांचीच जास्त भीती वाटते. हेल्मेट-गॉगल लावून आठ-दहा जणांचा घोळका कानाजवळून सुसाट जातो, घंटी नाही काही नाही. त्यांना कोण विचारणार?

उत्तर: तुम्हीच विचारा, आणि आमचीही साथ आहे. नियम एकच, ज्याच्या हातून दुसऱ्याला जास्त इजा होऊ शकते त्याने जास्त सांभाळायचं. गाडीवाल्याने सायकलवाल्याला, सायकलवाल्याने चालणाऱ्याला. गाडीवाल्याकडून दीड मीटर मागणारा सायकलवाला तुमच्या खांद्याजवळून वीत सोडून जात असेल तर त्याला बोलायचा हक्क नाही. ज्यांना ताशी ३०-३५ ने ट्रेनिंग करायचंय त्यांनी पहाटे गर्दीच्या आधी करावं किंवा पार्काबाहेर करावं. घोळक्याने जाण्यात गैर काही नाही, उलट दोन-दोनच्या जोडीने गेले तर रांग निम्मी होते आणि मागच्या गाडीला ओलांडायला कमी अंतर लागतं, पण चालणारे दिसले की एकामागे एक व्हायचं आणि स्पीड खाली आणायचा. घंटी लांबून वाजवायची, अगदी पाठीशी येऊन वाजवली की माणूस दचकून नेमका चुकीच्या बाजूला उडी मारतो.

जागा असेल तर चालणाऱ्यांची आणि सायकलींची वाट वेगळी करा, आणि वेगळी म्हणजे उंचीने वेगळी. एकाच पट्ट्यावर मधे रेषा मारून इकडे तुम्ही तिकडे ते केलं की दोन्हीकडचे लोक रेषेवरूनच चालतात. तुम्हालाही एक विनंती, चौघं जण हातात हात घालून सगळा रस्ता अडवून चालू नका, आणि कुत्र्याची दोरी रस्त्याच्या आडवी ताणलेली नको, सायकलवाल्याला ती दिसतच नाही.

प्रश्न: रस्त्याच्या कडेला रंगाने सायकल ट्रॅक आखून दिला तर काम होईल का?

उत्तर: नाही. आठवड्यात तिथे पार्किंग सुरू होतं. रंगासोबत खांब किंवा कठडा असेल तर बोला.

प्रश्न: आम्ही पार्काच्या बाहेरच्या रस्त्यावर राहतो. आतल्या गाड्या बंद केल्या की सगळा लोंढा आमच्या दारात येणार. आमचं कोण ऐकणार?

उत्तर: काही गाड्या येतील, नाही म्हणणार नाही. पण सगळ्या येत नाहीत. ब्रिटनमध्ये १९९८ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या अशा रस्ते-बंदीच्या प्रकरणांचा अभ्यास झाला होता, त्यात असं दिसलं की बंद केलेल्या रस्त्यावरची बरीचशी रहदारी आजूबाजूच्या रस्त्यांवर सापडतच नाही. कुणी वेळ बदलतं, कुणी दोन कामं एका फेरीत करतं, कुणी लांबूनच दुसरा रस्ता पकडतं, कुणी चालत जातं. पण हे सरासरीचं झालं, तुमच्या दारातला रस्ता सरासरी असेलच असं नाही. म्हणून सहा महिन्यांचा ट्रायल मागा, आणि आधीची मोजणी तुमच्या रस्त्यावरचीही करून घ्या, नुसती पार्कातली नाही. आधीचा आकडा नसेल तर नंतर दोन्ही पार्ट्या आपापल्या डोळ्यांना काय दिसलं त्यावर भांडत बसतात. ट्रायलसाठी सुरुवातीला काँक्रीट ओतू नका, हलवता येतील अशा कुंड्या, प्लॅस्टिकचे कठडे वापरा. व्हँकुव्हरच्या स्टॅनली पार्कात २०२० नंतर रस्त्याची एक लेन सायकलींना देऊन बघितली, त्यावर इतका वाद झाला की २०२३ मध्ये ती काढायचं ठरलं. असंही होऊ शकतं, आणि ते होणार असेल तर तोडफोड न करता झालेलं बरं.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांचे आकडे धरू नका. लोक सवयीने गेटपर्यंत येतात, बंद बघून वळतात, हॉर्न वाजवतात, त्या काळात सगळीकडेच जाम लागतो. महिन्याभरानंतर, शाळा चालू असताना, पाऊस नसलेल्या साध्या मंगळवारी किंवा बुधवारी मोजा, आणि आधीची मोजणीही तशाच दिवशी केलेली असू द्या, नाहीतर सुट्टीतला आकडा दाखवून तुम्हाला गप्प बसवतील.